घाम येतोय म्हणजे धोका नाही, हे कुणी सांगितलं?

नागपुरात सध्या एक मेसेज फिरतोय: ‘महापालिकेचा उष्मा आराखडा म्हणजे जनतेच्या पैशाची लूट’. हा आराखडा म्हणजे कडक उन्हाच्या दिवसांत लोकांना जपायची योजना. मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. हवामान बदल ही जगाची भानगड आहे, महापालिकेनं गटारं बघावीत. विदर्भाला ऊन नवं नाही, इथला माणूस उन्हानं मरत नाही. घाम येतोय तोवर धोका नसतो, खिशात कांदा ठेवा आणि काम चालू ठेवा. छपरं पांढरी करणं हा रंगवाल्यांचा धंदा आहे. आणि एकूण सगळं कागदावरच आहे.

घरच्या ग्रुपवर आला असता तर सोडून दिला असता. पण माझ्या मामांनी तो त्यांच्या साइटवरच्या मजुरांच्या ग्रुपवर टाकला. मामा तिथे सुपरवायझर आहेत, दुपारी काम थांबवायचं की नाही हे तेच ठरवतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी घामाचं बघू, कारण या मुद्द्यानं जीव जाऊ शकतो. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऊन लागतं तेव्हा त्याची कातडी बऱ्याचदा कोरडी पडलेली असते. पण अंगमेहनत करताना उष्माघात होतो तेव्हा माणूस घामानं निथळत असू शकतो. म्हणजे ‘घाम येतोय, चालू दे’ हा सल्ला नेमका मजुरालाच सगळ्यात जास्त घातक आहे. खरी खूण वेगळी असते. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, विचारलेलं त्याला कळत नाही, पाय लटपटतात, घमेलं हातातून सुटतं. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, यकृत यांना इजा व्हायला लागते, आणि तिथून पुढे मिनिटं मोजायची असतात. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी जरूर प्यावं, पण ते शुद्धीवर असताना आणि आधीपासून. खिशातल्या कांद्यानं शरीराचं तापमान तसूभरही उतरत नाही.

स्लॅबच्या दिवशी तर धोका आणखी वाढतो. स्लॅब टाकायला घेतला की मध्येच थांबवता येत नाही, जोड कच्चा राहतो. मग सेंट्रिंगवर चढलेले मजूर आणि घमेली वाहणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बाया, ऐन दुपारी वर अडकतात. स्लॅब पहाटे सुरू करणं किंवा संध्याकाळी धरणं जमतं, आणि काँक्रीटलाही तेच मानवतं. मामांना हे मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं.

‘उन्हानं कुणी मरत नाही’ याचं उत्तर अहमदाबादेत आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला. पुढे संशोधकांनी शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. त्या एका महिन्यात ४,४६२ माणसं गेली होती. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. म्हणजे १,३४४ मृत्यू जास्तीचे. उन्हानं हृदय बंद पडलं तरी दाखल्यावर हृदयविकारच लिहिला जातो, म्हणून हे मृत्यू आपल्याला दिसत नाहीत. आणि ऊन अहमदाबादलाही नवं नव्हतं. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्याच्या मैदानात बसलेली १४ माणसं उष्माघातानं गेली, तेव्हा तिथला पारा नागपूरच्या मे महिन्याच्या जवळपासही नव्हता.

आता ‘हे महापालिकेचं काम नाही’. मग कुणाचं? अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा आणला. कडक दिवसाचा इशारा आधी द्यायचा, दवाखाने सज्ज ठेवायचे, पाण्याची सोय करायची, अशी ती कामं. २०१० च्या लाटेत तिथल्या एका रुग्णालयात नवजात बाळं उन्हाच्या त्रासानं दाखल होत होती. बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर होता. तो खाली हलवल्यावर बाळांना संरक्षण मिळाल्याचं अभ्यासात दिसलं. बाळंतिणींचा वॉर्ड कुठल्या मजल्यावर असावा हे संयुक्त राष्ट्रांची परिषद ठरवणार नाही. आराखड्यानंतरच्या दोन वर्षांत दरवर्षी सरासरी १,१९० मृत्यू टळले, असा अंदाज २०१८ च्या एका अभ्यासात आहे. नागपूरचा आराखडा २०१६ पासूनचा, त्याच धर्तीवर.

पांढऱ्या छपरांबद्दल फार बोलायची गरज नाही. चुना मारला तरी चालतो, आणि खोली किती कमी तापते हा फरक टिनाखाली राहणाऱ्याला पहिल्याच दुपारी कळतो.

‘सगळं कागदावरच आहे’ हा शेवटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो मानताना मला राग येतो. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चनं २०२३ मध्ये देशातले ३७ उष्मा आराखडे तपासले. पैसा कुठून येणार हे फक्त ११ आराखड्यांत लिहिलेलं होतं, आणि सर्वाधिक धोका कुणाला याची नीट पाहणी फक्त दोघांनी केली होती. पण यावरून आराखडाच गुंडाळा म्हणणारा मजुराचा कैवारी नाही. ज्याला खरंच चीड आली असेल त्यानं महापालिकेला विचारावं: यंदाच्या अंदाजपत्रकात उष्म्यासाठी किती रक्कम ठेवली, मजूर कामाची वाट बघत उभे राहतात त्या ठिय्यावर सकाळपासून पाणी का नसतं, आणि दुपारी १२ ते ४ साइट चालू ठेवणाऱ्या ठेकेदाराला कोण थांबवणार?