टायगरने प्रतिस्पर्ध्यांचं करिअर खाल्लं? निकाल काढून बघा

गोल्फपटू टायगर वुड्सचा विषय निघाला की एक विधान हमखास फिरतं : "हा नसता तर फिल मिकेलसन आणि एर्नी एल्सच्या नावावर दहा-दहा मेजर असत्या. एका माणसाने अख्खी पिढी खाल्ली." (मेजर म्हणजे गोल्फमधल्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा; यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि मास्टर्स त्यातल्याच.) वरवर पटतं. पण ज्यांची कड घेतल्यासारखं वाटतं, त्याच खेळाडूंवर यात अन्याय होतो.

आधी मिकेलसन. यूएस ओपनने त्याला कायम हुलकावणी दिली, सहा वेळा तो दुसरा आला. जिंकलं कोण? 1999 मध्ये पेन स्टुअर्ट, 2004 मध्ये रेटिफ गूसन, 2006 मध्ये जेफ ओगिल्वी, 2009 मध्ये लुकस ग्लोव्हर, 2013 मध्ये जस्टिन रोझ. टायगर फक्त 2002 मध्ये.

त्यातही 2006 बघाच. विंग्ड फूटच्या मैदानावर टायगर कटमध्येच, म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतरच बाद झाला होता. मिकेलसन शेवटच्या होलवर आला तो एका फटक्याची आघाडी घेऊन (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो). नुसता 'पार' (होलसाठी ठरलेले फटके) केला असता तरी करंडक त्याचा होता. त्याने ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) काढला, चेंडू डावीकडे भरकटून पाहुण्यांच्या तंबूवर आदळला. तिथून निमूट फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर) यायचं सोडून त्याने थेट होलभोवतालच्या ग्रीनचा नेम धरला. चेंडू झाडाला लागून जेमतेम पुढे सरकला, पुढचा फटका बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) रुतला. डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त), आणि एका फटक्याने हार. याचं खापर टायगरवर कसं फोडणार?

एल्सचं दुःख जास्त खरं आहे. 2000 च्या यूएस ओपनमध्ये टायगरने 15 फटक्यांनी आणि ब्रिटिश ओपनमध्ये 8 फटक्यांनी मैदान मारलं, दोन्हीकडे एल्स दुसरा. हे मान्य. पण दोन्ही वेळा तो एकटा दुसरा नव्हता : पेबल बीचवर (यूएस ओपन) मिगेल आंखेल हिमेनेझ आणि सेंट अँड्र्यूजला (ब्रिटिश ओपन) थॉमस ब्योर्न त्याच्या बरोबरीत होते. म्हणजे टायगरला वगळलं तरी आधी बरोबरी फोडणारा प्ले-ऑफ जिंकावा लागला असता. त्याच वर्षीची मास्टर्स त्याच्या हातून विजय सिंगने नेली, आणि 2004 ची मिकेलसनने.

"टायगर दिसला की बाकीचे गळपटायचे," हा पुढचा मुद्दा. त्याला आधार म्हणून अर्थतज्ज्ञ जेनिफर ब्राउन यांचा 2011 चा शोधनिबंध पुढे केला जातो. टायगर खेळत असेल तर इतरांचा स्पर्धेतला स्कोअर सरासरी 0.8 फटक्याने बिघडतो, असं त्यात आहे. मात्र हाच पुरावा नंतर इतर संशोधकांनी पुन्हा तपासला, आणि त्यांना तो टिकणारा वाटला नाही. शिवाय 0.8 हा आकडा धरून चाललो, तरी तो चार दिवसांच्या खेळातला एक फटकाही होत नाही. तो सगळ्यांच्याच वाट्याला येत असेल, तर मिकेलसन आणि एल्स एकमेकांच्या तुलनेत होते तिथेच राहतात.

पैशाचं तर बोलायलाच नको. 1997 मध्ये मास्टर्सच्या विजेत्याला 4,86,000 डॉलर मिळाले. 2007 मध्ये झॅक जॉन्सनला 13,05,000. टायगरमुळे प्रेक्षक वाढले, टीव्हीचे करार वाढले, आणि त्याचा फायदा त्याच्याकडून हरणाऱ्यांनाही झाला.

आणि खाल्लेल्या पिढीत विजय सिंगला कुठे बसवायचं? टायगर शिखरावर असतानाच, चाळिशी उलटल्यावर त्याने पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेत 22 स्पर्धा जिंकल्या. त्यातल्या नऊ एकट्या 2004 मध्ये. त्याच सप्टेंबरमध्ये बोस्टनजवळ त्याने टायगरला तीन फटक्यांनी मागे टाकलं आणि सलग 264 आठवडे टायगरकडे असलेला जागतिक क्रमवारीतला पहिला क्रमांक काढून घेतला.