हे शब्द माझे नव्हेत!

दुसऱ्याचं एखादं वाक्य लेखात घ्यायचं असलं की माणूस दोन अवतरणचिन्हं टाकतो आणि मोकळा होतो. उतारा लांबला की मात्र छपाईतला जुना रिवाज आडवा येतो: उतारा वेगळा काढा, दोन्ही बाजूंनी आत घ्या, अवतरणचिन्हं काढून टाका. कागदावर हे सगळं कंपोझिटर बघायचा, आणि बिघडलं तर त्याच्यावर डाफरायची सोय होती. वेबपानावर कंपोझिटर आपणच. डाफरणार कोणावर?

एका दिवंगत लेखकाचा भलामोठा उतारा मला घ्यायचा होता. वेबपान लिहायच्या एडिटरच्या खिडकीत माथ्यावर आडव्या रेघा आणि एक बाण असलेलं बटण असतं. ते दाबलं, उतारा शहाण्यासारखा आत सरकला. जागा इतकी भारदस्त दिसली की खालचा माझा निष्कर्षही मी तिथेच सरकवला. माझी भाची पोटापाण्यासाठी वेबपानंच बनवते. तिनं पडद्यात डोकं घातलं.

"मामा, हा निष्कर्ष कोणाचा?"

"माझाच की."

"मग ब्लॉककोटमध्ये काय करतोय? तुम्हाला नुसती जागा हवीय, की हे दुसऱ्याचं आहे असं सांगायचंय?"

इतका तात्त्विक प्रश्न मला आजवर कोणत्याही बटणानं विचारला नव्हता. तिनं पानाचा सोर्स, म्हणजे पडद्यामागचा मजकूर, उघडून दाखवला. बटण दिसायला समासाचं, पण आतून त्यानं ब्लॉककोटचा टॅग, म्हणजे 'हा दुसऱ्याचा उतारा' असं ब्राउझरला सांगणारी खूण, चिकटवला होता. म्हणजे मी घासूनपुसून लिहिलेला निष्कर्ष ब्राउझरच्या लेखी परक्याचा! अंधांना पान वाचून दाखवणारे काही स्क्रीन रीडर तर 'उतारा सुरू, उतारा संपला' असं मोठ्यानं जाहीरही करतात. ऐकणाऱ्याला वाटणार, याच्याजवळ स्वतःचं काही नाहीच.

हा घोळ आजचा नाही. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या 1995 च्या 2.0 आवृत्तीतही ब्लॉककोट होता. ब्राउझर त्याला डावी-उजवीकडे चाळीस-चाळीस पिक्सेल जागा सोडतात, आणि लोकांना टॅगपेक्षा त्या जागेचाच मोह पडला. पुढे एचटीएमएल 4 मध्ये बजावून ठेवलं, की नुसतं आत सरकवायला हा टॅग वापरू नका, त्यासाठी पानाचं रूप ठरवणारी वेगळी स्टाइलशीट आहे. सांगणाऱ्यांनी सांगितलं, सरकवणारे सरकवतच राहिले. छोट्या अवतरणांसाठी 'क्यू' टॅग आहे, तो चिन्हं स्वतःच घालतो. पण इंटरनेट एक्स्प्लोररला सातव्या आवृत्तीपर्यंत त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून लोकांनी चिन्हं हातानं टाकली आणि बाकीच्या ब्राउझरांत ती दुहेरी दिसू लागली.

बरं, ब्लॉककोटचा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर चकार शब्द काढत नाही. तिथून खालचं सगळं, अगदी तुमच्या नावासकट, मुकाट्यानं त्या दिवंगत लेखकाच्या खात्यावर जमा होतं.

पण खरं घोडं अडलं ते लेखकाच्या नावापाशी. ब्लॉककोटला 'साइट' (cite) नावाचं ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्येच लिहायची जोडमाहिती, असतं, त्यात उतारा कुठून घेतला त्याचा पत्ता द्यायचा. मी हौसेनं दिला. पान उघडलं, तर तो पत्ता कुठेच नाही.

"तो दिसत नसतो, मामा."

म्हणजे दारावरची पाटी आतल्या बाजूनं लावायची! 'साइट' नावाचा टॅगही आहे, तो दिसतो. मी त्यात लेखकाचं नाव लिहायला घेतलं, तर तिनं हात धरला. "त्यात पुस्तकाचं नाव लिहायचं. माणसाचं नाही."

"बरं, नुसतं नाव उताऱ्याखाली टाकतो."

"ब्लॉककोटच्या आत नको. आत फक्त त्यांचे शब्द."

ज्याचे शब्द त्यालाच आत मज्जाव! वर या बाबतीत नियम करणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या एचटीएमएल 5 नं नाव फूटर, म्हणजे तळटिपेच्या, टॅगमध्ये घालून आत ठेवायला परवानगी दिली होती. व्हॉटडब्ल्यूजी या ब्राउझरवाल्यांच्या गटाचं मानक मात्र 'बाहेर' म्हणजे बाहेरच म्हणतं. अखेर तोडगा निघाला तो असा: सगळा संसार 'फिगर' टॅगमध्ये घालायचा, उतारा ब्लॉककोटमध्ये, नाव खाली 'फिगकॅप्शन'मध्ये, आणि त्यातल्या पुस्तकाच्या नावाला 'साइट'. एका माणसाचं श्रेय त्याला द्यायला चार टॅग. श्रेय लाटणारे लोक एवढे का असतात, ते मला तेव्हा कळलं.

सगळं जागच्या जागी बसलं. मग मी उतारा नीट वाचला. लेखकमहाशयांनी मध्येच दुसऱ्या कोणाचा तरी उतारा घेतला होता, आणि त्या दुसऱ्यानं तिसऱ्याचा. ब्लॉककोटमध्ये ब्लॉककोट, त्यात आणखी एक. फोनचा पडदा 360 पिक्सेलचा. तिघांचे समास 240, पानाचे स्वतःचे 16, उरले 104. त्या बोळकांडीत तिसरे गृहस्थ एका ओळीत जेमतेम एकेक शब्द घेऊन उभे होते. मोठा शब्द आला की तो हद्द ओलांडून बाहेर.

भाचीनं सीएसएसमध्ये, म्हणजे त्या स्टाइलशीटमध्ये, समास कमी केले, डावीकडे एक उभी रेघ ओढली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, त्यापेक्षा त्यांचं म्हणणं तुमच्याच शब्दांत सांगून टाका ना."

"सांगतो की. पण म्हणणं त्यांचं आणि शब्द माझे, तर ते आत सरकवायचं की बाहेर ठेवायचं?"

तिनं लॅपटॉप मिटला.