पुराव्यानिशी लठ्ठ

माझ्या जाडेपणाबद्दल आजवर कुणी कागद मागितला नव्हता. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून सातपूरला निघालेला रिक्षावाला मला बघून चौथ्या सीटचा नाद सोडतो, तेव्हा तो आधार कार्ड विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका आपली खुर्ची आपणहून सरकवून घेतात. जन्मभर लोकांनी नुसत्या दर्शनावर विश्वास ठेवला. विमा कंपनीने मात्र कळवलं, सिद्ध करा.

तसं बघितलं तर नाशकात राहून वजन वाढवायला वेगळं काही करावं लागत नाही. रविवारी सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायचं आणि तिथून थेट मिसळीला जायचं, हा आमच्या ग्रुपचा व्यायाम. मिसळ म्हणजे नुसती मिसळ नाही. पाव, पापड, दही, आणि रस्सा मागाल तितका. वर जिलबी, कारण तिखट मारायला काहीतरी लागतंच. इथल्या माणसाला ‘रस्सा वाढू का’ला नाही म्हणता येत नाही, तो संस्कारांचा भाग आहे.

तर उंची पाच फूट सहा इंच, वजन ११४ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, चाळीसच्या किंचित वर. सर्जन मॅडम शांतपणे म्हणाल्या, “स्लीव्हचं ऑपरेशन करू या. जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढायचा. केळ्याएवढी नळी उरते. सुरुवातीला एका वेळी तीस मिली पाणी, घोट घोट.”

घरी आल्यावर आईने खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने तीस मिली वाटीत मोजलं आणि वाटीकडे बघत राहिली. “अरे, एवढी तर्री तर तुझ्या शर्टावर सांडते,” म्हणाली.

ऑपरेशनला मी तयार होतो. विमा तयार नव्हता. पूर्वी आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी वजनाच्या ऑपरेशनला सरळ हात झटकायच्या. २०१९ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, अटी ठरवून दिल्या. वय अठरा किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय चाळीस किंवा जास्त. नाहीतर पस्तीस, पण मग जोडीला तालेवार आजार हवा. हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा औषधांनाही न जुमानणारा मधुमेह, यांपैकी काहीतरी. शिवाय या पस्तीसच्या वाटेला वजन उतरवायचे साधे उपाय आधी फसलेले असले पाहिजेत.

गंमत अशी, की चाळीस आणि पस्तीस हे आकडे अमेरिकेत १९९१ साली ठरले. पुढे २०२२ मध्ये सर्जन मंडळींच्या दोन मोठ्या संघटनांनी पट्टी खाली आणली, आणि आपल्यासारख्या आशियाई देहांसाठी तर साडेसत्तावीसपासूनच विचार करा म्हटलं. म्हणजे डॉक्टरांच्या परीक्षेत मी डिस्टिंक्शनमध्ये होतो. पॉलिसीच्या परीक्षेत काठावर.

पण जोडीला मधुमेह आहे ना, असं मी सौ.ला म्हटलं. तिचा चेहरा पडला. गेलं वर्षभर रोज पहाटे कारल्याचा रस मला पाजून, गोळ्यांच्या वेळा सांभाळून, डबा मोजून भरून तिने माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.८ वर आणून ठेवली होती. मधुमेह अगदी सुतासारखा सरळ! विम्याला हवा होता तो बेलगाम. “अहो, मग आधी नाही का सांगायचं?” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून कारलं बंद झालं. या सगळ्या प्रकरणातला माझा तेवढा एक निखळ फायदा.

मग घोरण्यावर भिस्त. स्लीप स्टडीसाठी डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवून, नाकात नळी घालून “आता नेहमीसारखे झोपा” असं सांगितलं गेलं. नेहमीसारखा झोपलो. तासाला तीसच्या वर वेळा श्वास अडखळला की ॲप्निया तीव्र. माझा आला सत्तावीस. ज्या घोरण्यापायी वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, ते घोरणं मध्यम!

राहता राहिला बीएमआय. तो टिकवणं आलं.

आणि नेमकं इथेच डाएटिशियन ताईंनी तक्ता दिला. ऑपरेशनआधी दोन आठवडे भात, पोळी, साखर बंद, प्रोटीन पावडर चालू. लिव्हरला सूज आणि चरबी असते, ती उतरली की सर्जनला मागचं जठर नीट दिसतं. शास्त्र पटलं. पण माझ्या उंचीला चाळीसची रेघ येते साधारण ११२.५ किलोवर. दीड किलोचं अंतर! डॉक्टर म्हणतात उतरवा, विमा म्हणतो खबरदार. तक्ता फ्रिजवर लागला आणि आमच्या घरात माणूस वजनकाट्यावर चढून आकडा खाली येऊ नये म्हणून देवाचं नाव घेऊ लागला.

बाकीच्या तपासण्यांचं विशेष काही नाही. ईसीजी, टूडी इको, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, श्वास आत ओढून तीन गोळे वर चढवायचं ते प्लास्टिकचं खेळणं. मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, “ताण आला की जास्त खाता का?” मी म्हटलं, “नाही हो, मी भेदभाव करत नाही.” त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

कागद गेले. कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्यायचा, असा २०२४ पासून नियम आहे. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने कागद तपासणाऱ्या संस्थेने, नियमाचा मान राखला आणि तासाच्या आत क्वेरी पाठवली. पाठोपाठ, मी चाळीसच्या वर असूनही, फोन. “सर, वेट लॉस के लिए पहले जो ट्राय किया, उसका प्रूफ अपलोड कीजिए.”

आता अपयशाचा पुरावा कुठून आणायचा? यश माणूस फ्रेम करून लावतो. मिसळीची पावती मिळते, उपासाची मिळत नाही. गंगापूर रोडच्या जिमची वर्षाची पावती सापडली, पण हजेरी मागितली असती तर खटला उलटला असता. पांडवलेणीच्या पायऱ्या महिनाभर चढलो होतो, त्याला साक्षीदार पायथ्याचा काकडीवाला. आई म्हणाली, “मी लिहून देते ना, की हा कुणाचंच ऐकत नाही.” आईचं पत्र अपलोड करायला रकाना नव्हता.

वाचवलं ते पंचवटीतल्या आमच्या म्हाताऱ्या फॅमिली डॉक्टरांनी. त्यांना एक सवय. कुठल्याही दुखण्यासाठी जा, चिठ्ठीच्या तळाला वजन लिहायचं आणि खाली दोन रेघा मारून ‘वजन कमी करा’. मी डोळे आल्यावर गेलो होतो, तेव्हाही लिहिलं. कुत्रं चावलं होतं, तेव्हाही. सौ.ने त्या सगळ्या चिठ्ठ्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. तारखेवार लावल्या आणि माझ्या आयुष्याचा आलेख तयार झाला. सल्ला तोच, वजन दर खेपेला वर. इतकं ढळढळीत अपयश टीपीएच्या डॉक्टरांनीही क्वचितच पाहिलं असावं. सर्जन मॅडमनी सोबत पत्र जोडलं, की सल्ल्याच्या दिवशी वजन ११४ होतं आणि आता उतरेल ते ऑपरेशनपूर्व आहारामुळे.

मंजुरी आली. पूर्ण रकमेची नाही, कारण मर्यादेवरचं रूमचं भाडं, हातमोजे, कापूस वगैरे विम्याला मान्य नसलेल्या चैनी असतात. पण आली.

दाखल व्हायच्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी पुन्हा काट्यावर उभं केलं. १०९.

“अगं बाई, भाऊ, पाच किलो उतरले की!” मावशी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “आपोआप उतरतंय तर कशाला पोट कापून घेताय? असंच चालू ठेवा ना!”

शेजारीच टीपीएचा डेस्क. तिथल्या पोराने मान वर केली. सौ.ने चपळाईने मावशींचा हात धरला आणि त्यांना गावाकडची, मुलाबाळांची चौकशी करत करत पार लिफ्टपर्यंत नेलं.