‘सगळा मीडिया विकला गेलाय’ : त्या मेसेजला उत्तर

एक लांबलचक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून घरातल्या ज्येष्ठांनी पेपरवाल्याला ‘उद्यापासून टाकू नको’ असं सांगितल्यावर गप्प बसणं शक्य नाही. मेसेजचा सारांश असा : सगळी वर्तमानपत्रं आणि चॅनेलं विकली गेली आहेत, मोठ्या बातम्या दाबल्या जातात, खोटं छापलं तरी त्यांचं कुणी वाकडं करू शकत नाही, म्हणून पेपर आणि टीव्ही बंद करा आणि सामान्य माणसाने सामान्य माणसाला पाठवलेल्या मेसेजवरच विश्वास ठेवा. सरकारच्या बाजूच्या ग्रुपवर आणि विरोधातल्या ग्रुपवर मजकूर तोच असतो, विकत घेणाऱ्याचं नाव तेवढं बदलतं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने माणसं मेली आहेत.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावाने पाचही जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. त्या मेसेजमागे संपादक नव्हता, मालक नव्हता, जाहिरातदार नव्हता. सामान्य माणसानेच सामान्य माणसाला पाठवलेला मेसेज होता तो!

त्याच वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ अनेकांना आठवत असेल. मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि पसार होतात. मुळात ही कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला एक क्षणच पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवतात. पसरवणाऱ्याने शेवटचा तेवढा भाग कापला. बाकी एकही दृश्य बदललं नव्हतं, म्हणूनच तो खरा वाटला. असं काही आलं की व्हिडिओ थांबवून दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट किंवा रस्त्याचा फलक दिसेल अशा दोन-तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका. जुना व्हिडिओ असेल तर त्याची आधीची तारीख बहुतेक वेळा सापडते. आवाजावर भरवसा ठेवू नका. मराठी निवेदन नंतर चिकटवणं सर्वांत सोपं असतं. व्हॉट्सॲप मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून पुढे सरकत आला आहे. असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही मर्यादा कंपनीला घालावी लागली, यावरून काय ते समजा.

आता ‘विकला गेलाय’. यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. प्रेस कौन्सिल म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था. तिच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, वर्तमानपत्रांच्या नावानिशी अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० मध्ये तो अख्खा बाहेर येऊ दिला नाही, पुढच्या वर्षी माहिती आयोगाच्या आदेशानंतर आला. यात झाकण्यासारखं काही नाही, लाजिरवाणंच आहे. पण हे प्रकरण उघडं कुणी केलं? पत्रकार पी. साईनाथ यांनी, ‘द हिंदू’ या वर्तमानपत्रातून. आणि २०११ मध्ये निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. कारण बातमीच्या वेशातल्या जाहिरातीचे सुमारे २१ हजार रुपये त्यांनी खर्चात दाखवले नव्हते. ‘सगळेच’ विकले गेले असते तर यातलं काहीच आपल्यापर्यंत आलं नसतं.

विकलेली बातमी ओळखता येते. बातमीदाराचं नाव नाही, एकाही विरोधकाची किंवा त्रयस्थाची प्रतिक्रिया नाही, आकडे नाहीत, नुसती विशेषणं आहेत, आणि तोच मजकूर दुसऱ्या पेपरातही आहे : एवढं जुळलं की ती जाहिरात समजा. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘मीडिया इनिशिएटिव्ह’ किंवा ‘प्रायोजित’ लिहिलंय का तेही बघा.

‘मोठ्या बातम्या दाबतात’ या आरोपाला एकच उदाहरण देतो. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट, अहमदाबाद. सरकारी आकड्यांवर शंका होती म्हणून ‘संदेश’ या गुजराती दैनिकाने बाराशे खाटांच्या कोविड रुग्णालयाबाहेर बातमीदार उभे केले. त्यांनी सतरा तासांत ६३ मृतदेह बाहेर पडताना मोजले. शहराचा सरकारी आकडा होता २०. रात्रभर दारात उभं राहून मोजायला पगारी माणूस लागतो, आणि उद्या कुणी जाब विचारला तर छापलेल्या आकड्यामागे उभं राहणारं नाव लागतं. फॉरवर्डकडे यातलं काहीच नसतं.

पेपर बंद करणाऱ्यांनी एक हिशेबही करावा. पाच-सात रुपयांत कागद आणि छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही, बाकीचं ओझं जाहिरात उचलते, त्यात सरकारी जाहिरातही आली. वाचक कमी झाले की जाहिरातदाराची पकड आणखी घट्ट होते. तक्रार असलेला पेपर बदला, पण सगळेच बंद करून ज्याच्यावर राग आहे त्याचेच हात बळकट होतात.

‘कुणी वाकडं करू शकत नाही’ हे अर्धं खरं. प्रेस कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. टीव्हीच्या स्वनियमन संस्थेचा एक लाखाचा कमाल दंड सर्वोच्च न्यायालयालाही २०२३ मध्ये अपुरा वाटला. तरीही तक्रार करता येते, आणि ती फार थोडे लोक नीट करतात. प्रत्येक पेपरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव छापलेलं असतं, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी. आधी संपादकाला लेखी पत्र द्या : तारीख, पान, मथळा, नेमकं चुकीचं वाक्य आणि तुमचा पुरावा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्या पत्राची प्रत आणि मूळ कात्रण जोडून प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. बऱ्याच तक्रारी इथेच पडतात : संपादकाला आधी लिहिलेलं नसतं, मुदत उलटलेली असते, किंवा ‘तुमचा पेपर पक्षपाती आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. वाक्य दाखवा, मग त्यांना उत्तर द्यावं लागतं.