कार्ड चुकलंय, गुरुजी

मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा ४३ अंशांच्या पुढे सरकलेला असताना, मी भिशीचा हिशेब लिहायला संगणक सुरू केला आणि पडद्यावर चादर उलगडली. हा अलंकार नव्हे. उभे लाल-हिरवे पट्टे, त्यांच्यामध्ये ठरावीक अंतराने चौकडी, आणि उजव्या कडेला चक्क किनार. सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला चादर ओळखायला चष्मा लागत नाही.

या संगणकात मुलाने कॉलेजात असताना खेळ खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्ड बसवले होते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, कार्ड मात्र माझ्या वाट्याला आले, आणि राक्षसांच्या लढाया रंगवण्यासाठी जन्मलेले ते यंत्र गेली काही वर्षे बारा जणांच्या भिशीची बेरीज निमूटपणे दाखवत होते. अशा आयुष्याचा कंटाळा येऊन ते बिघडले असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

मुलाने फोनवरून निदान केले, "बाबा, ड्रायव्हर गेला असेल." मी सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम, काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग ध्यानात आले, की विंडोज सुरू होण्याआधी कंपनीचे नाव झळकते तेव्हाही पट्टे असतातच. ड्रायव्हर बिचारा त्या वेळी कामावर आलेलाच नसतो. नंतर संशय मॉनिटरवर गेला. त्याचे बटण दाबल्यावर त्याचा स्वतःचा मेनू मात्र त्या चादरीवर स्वच्छ उमटला, म्हणजे तोही सुटला. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोके खोडरबराने घासली. एवढे खोडरबर मी नोकरीत असताना चौथीच्या वर्गातही वापरले नव्हते.

अशा वेळी शेजारचे मामा आले. मामांचे चार यंत्रमाग आमच्या भिंतीला लागूनच आहेत, आणि त्यांच्या खडखडाटाशिवाय आमच्या घरात कोणाला झोप येत नाही. त्यांनी पडद्याकडे, कापड पारखतात तसे मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाले, "कार्ड चुकलंय, गुरुजी."

मी चमकलो. मामांना ग्राफिक्स कार्ड कसे कळले? ते अर्थातच जेकार्ड मागाच्या पुठ्ठ्याच्या कार्डांविषयी बोलत होते. फ्रान्समधल्या जॅकारने १८०४ च्या सुमारास काढलेल्या मागावर छिद्रे पाडलेली कार्डे माळेत ओवलेली असतात. जिथे छिद्र तिथे धागा उचलला जातो, आणि नक्षी उमटते. एक कार्ड बिघडले, की फेरा पुरा होऊन ते पुन्हा आले की तोच दोष नक्षीत पुन्हा येतो. "बघा, चूक ठरावीक अंतरावर येतीय. ताणा-बाण्याचा दोष असता तर तो असा मोजून आला नसता." दोन दिवसांच्या माझ्या संशोधनावर त्यांनी तीस सेकंदांत पाणी ओतले.

मग पेटी उघडली. कार्डाचा पंखा दिसेनासा झाला होता. त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा असा दाट थर बसला होता, की तो चिमट्याने ओढताच अखंड घडीसारखा निघाला. मामांनी तो बोटांत चुरून पाहिला. "आमचंच सूत आहे," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात अपराधापेक्षा अभिमान जास्त होता.

चिपची उष्णता पात्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. कार्ड खाचेत बसवले, संगणक सुरू केला, तर पडदा काळा आणि पेटीतून एक लांब व दोन आखूड शिट्ट्या. पुस्तिकेत याचा अर्थ 'चित्राचा बिघाड' असा होता, म्हणजे मला माहीत होते तेवढेच. अर्ध्या तासाने हिच्या लक्षात आले, की सहा टोकांची एक वायर टेबलाखाली लोंबकळते आहे. खाचेतून ७५ वॅटच वीज मिळते. बाकीची त्या वायरीतून यावी लागते. ती जोडल्यावर पडदा लख्ख झाला, आणि वीस मिनिटांनी, कार्ड तापल्यावर, चादर पुन्हा उलगडली. तापून-निवून चिपखालचे झाळकाम तडकले असावे. असे कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा तोडगा मुलाने सुचवला. आमच्याकडे ओव्हन नाही, आणि भाकरीच्या तव्याबाबत हिने एका शब्दात विषय संपवला.

शेवटचा उपाय म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीच्या, स्वतःच्या खाचेत लावली, तरी अंधारच. कार्ड जागेवर असेपर्यंत आमचा मदरबोर्ड स्वतःचे चित्र दाखवतच नाही, हे कळायला संध्याकाळ झाली. कार्ड काढले, आणि भिशीचा हिशेब पांढऱ्याशुभ्र पडद्यावर अवतरला. "मग हे पहिल्याच दिवशी का नाही केलंत?" या हिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हातात आलेखाचा कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन दारात उभे.

"गुरुजी, ते जुनं कार्ड जरा परत बसवता का? किनार उतरवून घ्यायची राहिली."

मी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला आत गेलो.