बाटली चौघांची, हिशेब कोणाचा?

व्यसनाच्या अभ्यासात प्रयोगशाळेतले रॅट, म्हणजे मोठे उंदीर, किती दारू पितात ते कसं मोजतात, यावरच्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय, "एका पिंजऱ्यात एक रॅट, एक बाटली, रोज तिचं वजन. इतकं सोपं असताना चार-चार रॅट एकत्र ठेवून प्रत्येकाच्या अंगात चिप कशाला? हे संशोधन की मशिनं खपवण्याचा धंदा?"

सर, मशिनांबद्दलचा तुमचा संशय मलाही आहे. इथल्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, मी काट्यावरच हिशेब शिकलो. खटकला तो 'सोपं' हा शब्द. सकाळी बाटली काढताना नळीच्या टोकाचा थेंब सांडला, की तो रॅटने प्यायला असं धरलं जातं. एका मे महिन्यात एसी बंद पडला, तर रिकाम्या पिंजऱ्यावरची दारूची बाटलीही सकाळी हलकी भरली. ती त्यासाठीच लावलेली असते, म्हणून किती उडालं ते वजा तरी करता आलं.

पण हे सगळं निस्तरता येतं. खरी अडचण एकटेपणाची. रॅट कळपातला प्राणी. त्याला एकटं डांबलं की तो किती पितो हेच बदलू शकतं. मग आपण व्यसन मोजतोय की कोंडमारा? १९७० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी नेमकं हेच विचारलं. त्यांच्या 'रॅट पार्क'मध्ये एकत्र राहणारे रॅट गोड केलेलं मॉर्फिन एकट्यांपेक्षा कमी प्यायले. पुढे इतरांना हा निकाल दरवेळी मिळाला नाही, हेही सांगायला हवं.

आता मोजायचं कसं? आपल्या पानठेल्यावर बघा. खर्र्याची एक पुडी, चौघं मित्र. पुडी संपली हे दिसतं, कोणी किती तोंडात टाकला ते नाही. चार रॅटच्या बाटलीतून ४० ग्रॅम गेले तर सरासरी १०. पण एकाने २५ आणि तिघांनी पाच-पाच घेतले असतील तर? आपल्याला शोधायचा असतो तो पंचविसवाला, आणि सरासरीत तोच हरवतो.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली, बिनबॅटरीची. नळीजवळच्या अँटेनापाशी रॅट आला की नंबर नोंदला जातो. कोण आलं ते चिप सांगते, किती प्यालं ते नाही. त्यासाठी चाटण्याची किंवा थेंबांची मोजणी जोडावी लागते. दोन डोकी एकदम घुसली तर घोळ. म्हणून वाट एकाच रॅटपुरती अरुंद करतात, तर एखादा दांडगा तिथेच बूड टेकून बसतो! इथे तुमची शंका रास्त आहे बाप्पा.

स्वस्तातला उपाय म्हणजे पिंजऱ्याच्या मधोमध जाळी. दोघं एकमेकांना हुंगतात, बाटल्या मात्र वेगळ्या. प्रेअरी व्होल या छोट्या कुरतड्या प्राण्यात सोबती किती दारू पितो त्यावर दुसऱ्याचं पिणं ठरतं, हे असंच जोडीने ठेवून दिसलं. जाळीआडून अंगाला अंग लावून झोपता येत नाही, तेवढी खोट राहते. पण आमच्या बजेटात मला विचाराल, तर मी आधी जाळीच मागेन.