एलएसडी लावा, तारे येतात

बायंडिंगवाल्याने संख्याशास्त्रावरून झापावं, तेही इंदूरच्या भंवरकुआँच्या भर गर्दीत, हे काही मला अजून पचलेलं नाही. प्रबंध सोयाबीनचा. 3 जाती, फॉस्फरसच्या 4 मात्रा, प्रत्येक जोडीला 4 कुंड्या. टू-वे अनोव्हात, म्हणजे दोन घटक एकत्र तपासणाऱ्या चाचणीत, आंतरक्रिया सिग्निफिकंट: फॉस्फरसचा परिणाम जातीगणिक वेगळा. "सर, आता पोस्ट हॉक कोणती?" विद्यार्थिनीने मला विचारलं. नेमका कोणत्या गटांत फरक आहे, हे शोधणारी पुढची चाचणी ती. आणि झेरॉक्स मशीनमागून बायंडिंगवाल्या काकांचं उत्तर आलं, "एलएसडी लावून द्या ना ताई. तारे पुष्कळ येतात."

एलएसडी म्हणजे प्रत्येक जोडी 5 टक्क्यांवर सुटी तपासणारी चाचणी, आणि तारा म्हणजे टेबलातली 'इथे फरक सिग्निफिकंट' ही खूण. पोह्यांवर शेव वाढवून घ्या म्हणावं, त्या थाटात!

"काका, गट 12 आहेत, म्हणजे जोड्या 66. प्रत्येक जोडीत 5 टक्के चूक माफ केली, तर कुठेच फरक नसतानाही सरासरी तीनेक तारे फुकटचे पडतील."

"पडू द्या ना भिया. तुमचं काय जातं?"

"मग बॉनफेरोनी?" ती पुटपुटली. बॉनफेरोनी म्हणजे ती 5 टक्के माफी सगळ्या जोड्यांत वाटणं. 0.05 ला 66 ने भागलं की मर्यादा 0.00076 वर येते. खरा फरकसुद्धा त्यात गुदमरतो.

"बघा! यांच्याकडे गेलात तर एक तारा मिळायचा नाही," काका गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले. "मागे एका साहेबांनी डंकन लावली होती. एबी, बीसी, बीसीडी... टेबल कसं भरगच्च! बायंडिंगही जाड झालं."

डंकनची ही चाचणी 1955 ची; ज्या गटांना एकही अक्षर सामाईक नाही, त्यांच्यात फरक, असं तिचं टेबल वाचायचं. गट वाढले की एकूण चूक तिच्या हाताबाहेर जाते, हे तेव्हापासून सांगून झालंय. पण शेतीच्या प्रबंधांतून ती हलेल तर शपथ.

खरं तर 66 जोड्या हव्यात कोणाला? पहिल्या जातीची शून्य मात्रा आणि तिसरीची तिप्पट मात्रा यांची तुलना करून शेतकऱ्याला काय सांगणार? आंतरक्रिया आहे, तर सगळ्या जाती एकत्र करून मात्रांच्या सरासऱ्या जोखणं फसवं. एकेका जातीच्या आत मात्रा तपासा. सगळ्या मात्रा एकमेकींशी ताडायच्या तर टुकी, जातीमागे 6 जोड्या. फक्त शून्य मात्रेशी ताडायच्या तर डनेट, जातीमागे 3. झाल्या 9! तिन्ही जातींचं मिळून एकच कुटुंब, म्हणजे चुकीचा एकच हिशेब, धरायचा असेल, तर 0.05 तिघींत वाटून द्या. फाइल मात्र जातीवार कापू नका. विचरण, म्हणजे गटातल्या आकड्यांची पसरण, सारखं असेल तर मूळ अनोव्हाचाच सरासरी त्रुटी-वर्ग घ्या, त्याला 36 स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) मिळतात; जितक्या जास्त, तितका अंदाज भक्कम. कापलीत की जातीमागे 12 च उरतात. विचरण फारच वेगळं असेल तर गेम्स-हॉवेल. आणि एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या पोस्ट हॉक खिडकीत नुसते मुख्य घटकच दिसतात. जातीच्या आतल्या तुलनांसाठी त्याच्याच ईएममीन्स या पर्यायाकडे जावं लागतं, तर तिथे आधीपासून निवडलेली काय? एलएसडी! काकांची माणसं सगळीकडे.

तिने डनेट लिहून घेतलं. मग वळून, माझ्याकडे नव्हे, काकांकडे, विचारलं, "यात येतात ना तारे?"

"येतात. पण शून्य मात्रेच्या ओळीत काहीच येत नाही. रिकामी दिसते. गाइडला नाही चालत."